पॅरिश वेगळं, मॅनर वेगळी

इंग्लंडमधल्या खेड्यांचा इतिहास वाचताना पॅरिश आणि मॅनर हे शब्द सतत भेटतात. दोन्हींचा अर्थ ‘गाव’ असा लावून आपण पुढे जातो, आणि तिथेच फसतो. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली वस्ती. मॅनर म्हणजे जमीनदाराची मिळकत आणि तिच्यावर चालणारं त्याचं न्यायालय. एका पॅरिशात दोन-तीन मॅनर असू शकत, तर एखादी मॅनर दोन पॅरिशांत पसरलेली असे.

नॉटिंगहॅमशायरमधलं लॅक्स्टन पाहिलं की फरक लख्ख दिसतो. इथली तीन मोठी शेतं आजही पट्ट्यापट्ट्यांनी कसली जातात, मध्ये कुंपण नाही. इंग्लंडात जवळपास सगळीकडे ही पद्धत मोडली, इथे टिकली. पट्ट्याला पट्टा लागून असला की काय होतं, हे आपल्या शेतकऱ्याला सांगायला नको. बांध कोरला जातो. म्हणून दरवर्षी नोव्हेंबरअखेर गावचे पंच हिवाळी पेरणीच्या शेतात पायी फिरतात, हद्दीच्या खुंट्या ठोकतात, आणि आठवड्याने भरणाऱ्या ‘कोर्ट लीट’मध्ये दंड ठरतो. हे कोर्ट मॅनरचं. चर्चच्या पाद्र्याला त्यात काही अधिकार नाही.

पाद्र्याकडे होती ती नोंदवही. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदी ठेवण्याचा हुकूम १५३८ साली निघाला. १६०१ च्या कायद्याने गोरगरिबांना पोसण्याची जबाबदारीही पॅरिशवर आली. निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिलला मात्र १८९४ उजाडावं लागलं, आणि तेव्हापासून चर्चचं पॅरिश आणि कारभाराचं पॅरिश यांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

जुने कागद धुंडाळताना हा फरक फार मोलाचा ठरतो. मार्क पीअर्सने १६३५ साली काढलेला लॅक्स्टनचा नकाशा मॅनरसाठी होता. त्यात पट्टान्‌पट्टा सापडतो. पण ज्याच्या नावावर एकही पट्टा नव्हता, तो मजूर अशा नकाशात कुठून दिसणार? त्याचं लेकरू कधी जन्मलं, कधी गेलं, हे शोधायला पॅरिशची वहीच उघडावी लागते. मला या वह्या जास्त जवळच्या वाटतात, त्या यामुळेच.

लॅक्स्टनची जमीन १९५२ साली कृषी मंत्रालयाने विकत घेतली, पुढे ती क्राऊन एस्टेटकडे आणि २०२० मध्ये थोर्सबी एस्टेटकडे गेली. मालक बदलत गेले, तरी कोर्ट भरतंच आहे, गावातल्याच डव्हकोट नावाच्या पबमध्ये.