पैसेवारी, पीक कापणी आणि सुखात्मे

दरवर्षी डिसेंबरात नागपुरात हिवाळी अधिवेशन भरते, यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात आणि फलकांवर ‘पैसेवारी’, म्हणजे पुऱ्या पिकाच्या मानाने यंदा किती पिकले याचा सरकारी आकडा, हा शब्द हमखास असतो. आमच्या तालुक्याची पैसेवारी चुकीची काढली, ती सवलती मिळण्यासाठी पन्नासच्या खाली यायला हवी होती, ही जुनी तक्रार. अलीकडे तिच्या जोडीला दुसरी आली आहे: विम्यासाठीचे पीक कापणी प्रयोग, म्हणजे शेतातला ठरावीक तुकडा कापून धान्य तोलणे, नीट झाले नाहीत. सभेत बोलणारा कास्तकार दोन्ही गोष्टी एकच धरून बोलतो, बातमी लिहिणाराही बहुधा तसेच लिहितो. त्यात त्यांचा दोष नाही. दोन्हीकडे पटवारी तोच आणि शेतही तेच. तरी या दोन गोष्टींचे कूळ वेगळे आहे. ते कसे वेगळे झाले हे पाहायचे तर पांडुरंग वासुदेव सुखात्मे या संख्याशास्त्रज्ञाच्या कामापर्यंत मागे जावे लागते.

आधी पैसेवारी. तिचे जुने नाव आणेवारी. रुपयाचे सोळा आणे, म्हणून पुरे पीक ते सोळा आणे पीक. निम्मे आले तर आठ आणे. ब्रिटिश महसुली कारभारात उत्पादनाचा अंदाज काढण्याची रीत अशी होती: पेऱ्याचे क्षेत्र, गुणिले ‘सामान्य’ वर्षाचा एकरी उतारा, गुणिले यंदाची आणेवारी. यातला पेरा पटवाऱ्याच्या दप्तरात शेतवार नोंदलेला असे, तो बऱ्यापैकी खरा. यंदाची आणेवारी मात्र सगळी नजरेची. धुऱ्यावर उभे राहून पीक पाहायचे आणि सांगायचे, यंदा दहा आणे. आणि ‘सामान्य’ म्हणजे नेमके काय? सरासरी वर्षाचे पीक, की चांगल्या वर्षाचे? काही ठिकाणी सामान्य पीक बारा आण्यांचे धरत, काही ठिकाणी सोळा. शिवाय नजरेची एक खोड असते, ती मधल्या आकड्याकडे ओढली जाते. पीक उत्तम असेल तर नजर ते थोडे कमी सांगते. बुडाले असेल तर बुडाल्याइतके सांगत नाही. दुष्काळी सालात हीच खोड कास्तकाराच्या मुळावर येते.

१९१८ साली गुजरातेतील खेडा जिल्ह्यात जो सत्याग्रह झाला तो याच आकड्यावरून. पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल तर त्या वर्षाची सारावसुली पूर्ण तहकूब करावी, असा नियम होता. शेतकरी म्हणत पीक चार आण्यांच्या आत आहे, अधिकारी म्हणत वर आहे. दोन्ही बाजूंना मान्य होईल असा तराजू कोणाकडेच नव्हता. तो आणण्याचा पहिला नेटका प्रयत्न १९२०च्या दशकात बिहार-ओरिसात जे. ए. हबॅक या सनदी अधिकाऱ्याने भाताच्या पिकावर केला. शेतातली जागा यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकून काढावी तशी निवडायची, तेवढाच तुकडा कापायचा आणि धान्य तोलायचे. निवड माणसाच्या मर्जीवर नसली की चूक किती असू शकते हेही गणिताने सांगता येते, हा त्यातला गाभा.

सुखात्मे यांचा जन्म १९११ सालचा, सातारा जिल्ह्यातील बुध गावचा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते लंडनला गेले. नमुना पाहणीचे शास्त्र तिथे तेव्हा आकार घेत होते. मोठ्या समूहाचे गट पाडले तर कोणत्या गटातून किती नमुने घ्यावेत, याचे सूत्र १९३४ साली नुकतेच पुढे आले होते. पण त्यासाठी प्रत्येक गटातला चढउतार आधीच ठाऊक असावा लागे. तो ठाऊक नसतो म्हणून तर पाहणी करायची! १९३५च्या आपल्या निबंधात सुखात्मे यांनी दाखवले की आधी एक छोटी चाचणी पाहणी करून चढउताराचा अंदाज घेतला, तरी सूत्राचा बराचसा फायदा पदरात पडतो. पुढच्या सगळ्या कामाची वृत्ती इथे दिसते. हाताशी जे आहे ते घेऊन, किती चुकेल ते मोजून, काम पुढे न्यायचे. १९३६ साली पीएच.डी., १९३९ साली डी.एस्सी., आणि १९४० पासून दिल्लीतल्या कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्राची जबाबदारी.

ते युद्धाचे आणि बंगालच्या दुष्काळाचे दशक होते. देशात धान्य किती पिकते हा प्रश्न रेशनच्या दुकानापर्यंत आला होता. गहू आणि भात यांच्यावर प्रांतोप्रांती यादृच्छिक पीक कापणी सुरू झाली. आपल्याकडे कापसावरचे असेच काम वऱ्हाडात, अकोला जिल्ह्यात, याच दशकात झाले, आणि त्यात नागपूरच्या कृषी खात्यातल्या संख्याशास्त्रज्ञाचा हात होता. विदर्भात या इतिहासाची आठवण फारशी कोणी काढत नाही. कापसाचा उतारा मोजणे गव्हाहून कितीतरी अवघड. गहू एकदा कापला की झाले. पऱ्हाटीला तीन-चार वेचे येतात, सीतादहीपासून, म्हणजे पहिल्या वेच्याच्या पूजेपासून, शेवटच्या वेच्यापर्यंत तोच तुकडा राखावा लागतो आणि प्रत्येक वेच्याचे वजन वेगळे नोंदावे लागते.

याच काळात तो वाद झाला, ज्याची सावली आजच्या विम्याच्या हिशेबावरही आहे. प्रश्न वरवर किरकोळ होता: कापायचा तुकडा केवढा असावा? एका बाजूला बंगालमध्ये ताग आणि भात यांच्या मोठ्या पाहण्या उभ्या करणारे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस होते. त्यांचा भर लहान, गोल तुकड्यांवर. लहान तुकडा पटकन कापून होतो, म्हणून तेवढ्याच पैशात जास्त शेतांतून कापता येतो. आणि शेताशेतांतला फरक मोठा असल्याने जास्त शेते पाहण्यातच लाभ आहे. गणित बिनचूक होते. सुखात्मे यांचा आक्षेप गणिताला नव्हता, माणसाच्या हाताला होता. तुकड्याच्या कडेवर जी रोपे येतात ती आत धरायची की बाहेर, हे कापणाऱ्याला ठरवावे लागते, आणि हात बहुधा रोप आत ओढतो. दोन फूट त्रिज्येचे वर्तुळ घ्या. त्याचा परीघ सुमारे साडेबारा फूट आणि क्षेत्रफळही सुमारे साडेबारा चौरस फूट, म्हणजे दर चौरस फुटामागे एक फूट कड. आता ३३ फूट बाय साडेसोळा फूट असा आयत घ्या, एकराचा ऐंशीवा हिस्सा. त्याची कड ९९ फूट, क्षेत्रफळ साडेपाचशे चौरस फुटांच्या आसपास; दर साडेपाच चौरस फुटांमागे एक फूट कड. कडेवरची चूक दोन्हीकडे एकाच दिशेची, उतारा वाढवून सांगणारी. आणि हजार ठिकाणी एकाच दिशेने चुकले तर हजारांची सरासरी ती चूक धुऊन काढत नाही. जास्त नमुने घेतले की अचूकता वाढते हा नियम इथे लंगडा पडतो.

१९४६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात सुखात्मे यांनी हे मांडले आणि महालनोबिस यांनी त्याच वर्षी तिथेच उत्तर दिले. त्यांचे म्हणणे असे की माणसे शिकवून तयार केलेली असतील आणि तुकडा अगदीच चिमुकला नसेल, तर ही चूक नगण्य राहते. वाचणाऱ्याला वाटेल, प्रयोग करून सोडवावा असा हा प्रश्न. प्रयोग झालेही. पण वादाचे मूळ शेतात नव्हते, महसुलाच्या इतिहासात होते. बंगालमध्ये १७९३ची कायमधारा पद्धत. सारा एकदाच ठरलेला, म्हणून गावोगाव दरसाल पेरा नोंदवणारी यंत्रणाच उभी राहिली नाही. तिथे पाहणी करायची तर स्वतःची माणसे नेमून, शिकवून, गावोगाव फिरवावी लागत. अशा फिरत्या माणसाला लहान तुकडाच परवडतो. मध्य प्रांत-वऱ्हाडात किंवा मुंबई इलाख्यात तसे नव्हते. गावाला पटवारी किंवा तलाठी होता, त्याच्याकडे शेतवार नोंदी होत्या. सुखात्मे यांनी ठरवले की कापणीचे काम याच माणसांकडून करून घ्यायचे. हा माणूस संख्याशास्त्रात शिकलेला नाही, त्याचा हात कडेवर चुकणार, म्हणून तुकडा मोठा. त्यांच्या मोठ्या आयताचा अर्थ हा असा आहे.

या निर्णयावर दोन मते आहेत. माझे मत त्यांच्या बाजूने झुकते. गरीब देशात काही लाख गावांत दरसाल मोजणी करायची तर वेगळी फौज उभी करून ती टिकली नसती, आणि बहुतेक राज्यांनी पुढे तीच वाट धरली. पण महालनोबिस यांच्या बाजूची शंका आज नागपुरात बसून हलकी वाटत नाही. ज्या हाताने सारा गोळा करायचा, माफीचा कागद करायचा, त्याच हाताने पीक तोलायचे. तर तो हात वरच्या खुर्चीकडे न पाहता तोलेल याची हमी कोण देणार? बारा गावांचा भार असलेल्या माणसाने घरी बसून तक्ता भरला तर ते कोणाला कळणार? सुखात्मे यांच्या योजनेत याला उत्तर होते: कापणीच्या वेळी वरच्या अधिकाऱ्याची प्रत्यक्ष देखरेख, आणि तीही काही निवडक ठिकाणी अचानक. देखरेख गळाली की पद्धतीचा अर्धा जीव जातो.

दोन्ही परंपरा अजून जिवंत आहेत. महाराष्ट्रात अनेक पिकांसाठी १० मीटर बाय ५ मीटरचा तुकडा कापतात. तो म्हणजे जवळजवळ तोच ३३ बाय साडेसोळा फुटांचा आयत, मीटरमध्ये उतरवलेला. उत्तर प्रदेशात १० मीटर बाजूचा समभुज त्रिकोण आहे. पश्चिम बंगालमध्ये वर्तुळच आहे, त्रिज्या १.७१४५ मीटर, म्हणजे ५ फूट साडेसात इंच. काटोल तालुक्यात सोयाबीनच्या एका शेतात हा प्रयोग मी पाहिला आहे. यादृच्छिक अंकांवरून ठरलेली पावले नैऋत्य कोपऱ्यापासून मोजली गेली आणि खुंटी नेमकी पिवळ्या, विरळ पट्ट्यात आली. शेतमालक म्हणाला, ‘इथं नको जी, तिकडे चांगलं हाय.’ खुंटी हलवली नाही. दुसऱ्या एखाद्या शेतात ती चांगल्या पिकात येते आणि हलवावीशी वाटते मालकाला उलट्या बाजूला. खुंटी न हलवणे हेच सगळे शास्त्र आहे.

१९५१ साली सुखात्मे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले आणि वीस वर्षे तिथल्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख राहिले. जगात उपाशी किती, या प्रश्नावर तेव्हा अर्धे जग किंवा त्याहून जास्त असे आकडे फिरत होते. त्यांनी भूक आणि कुपोषण वेगळे करून भुकेल्यांचा आकडा पुष्कळ खाली आणला. पुण्यात परतल्यावर उष्मांकांवरून दारिद्र्यरेषा आखण्याच्या पद्धतीवर त्यांचा अर्थतज्ज्ञांशी मोठा वाद झाला. एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते, म्हणून सरासरी गरजेच्या खाली असलेला प्रत्येक जण उपाशी धरू नका, असे त्यांचे म्हणणे. तो वाद स्वतंत्रपणे लिहिण्याजोगा आहे. १९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, १९९७ साली ते गेले.

इकडे आण्याचे पैसे झाले. १९५७ साली दशमान नाणी आली आणि आणेवारीची पैसेवारी झाली. आठ आण्यांचे पन्नास पैसे. हिशेब प्रत्यक्ष उताऱ्याला प्रमाण उताऱ्याने भागण्याचा. प्रमाण उतारा मागच्या वर्षांच्या सरासरीवरून येतो, त्यामुळे लागोपाठ वाईट साले आली की मापाची पट्टीच आखूड होते आणि तेवढेच वाईट पीक पुढच्या वेळी बरे दिसते. गावपातळीच्या समितीत पटवारी आणि कृषी कर्मचाऱ्यांबरोबर सरपंच आणि शेतकरीही बसतात. आधी नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. नाव नवे झाले तरी पहिल्या टप्प्यावर जुनी नजर शाबूत आहे, आणि सप्टेंबरअखेर जाहीर झालेल्या त्या आकड्याचा भार पुढच्या टप्प्यांवर पडतो. पन्नास पैशांच्या आत आले तर साऱ्यात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, मुलांचे परीक्षा शुल्क माफ. ४९ आणि ५१ यांच्यामध्ये हे सगळे आहे.

२०१६च्या केंद्रीय दुष्काळ संहितेने पाऊस, उपग्रहावरून दिसणारी हिरवळ, मातीतला ओलावा असे निकष पुढे आणले. २०१८ साली राज्यात १५१ तालुके या निकषांवर दुष्काळी ठरले. पैसेवारी मात्र दरसाल निघतच राहिली.

पीक विम्याने तर पीक कापणीच्या डोक्यावर तिच्या पेलवण्यापलीकडचे ओझे ठेवले. सुखात्मे यांच्या काळी या पद्धतीला विचारलेला प्रश्न होता, जिल्ह्याची किंवा प्रांताची सरासरी किती? विम्याचा प्रश्न आहे, या महसूल मंडळाची, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटाची, सरासरी किती? नमुन्याची अचूकता किती ठिकाणी कापले यावर असते, मंडळ जिल्ह्याहून लहान आहे यावर नसते. समजा शेताशेतांतला चढउतार सरासरीच्या ४० टक्के आहे. जिल्ह्यात १०० ठिकाणी कापले तर सरासरीतली प्रमाण त्रुटी, म्हणजे ती साधारण किती चुकू शकते याचे माप, ४ टक्के. मंडळात १० ठिकाणी कापले तर ती साडेबारा टक्क्यांच्या वर जाते. ज्याच्या खाली उतारा गेला की भरपाई मिळते त्या उंबरठा उत्पन्नाच्या दोन-चार टक्के अलीकडे-पलीकडे असलेल्या मंडळाला भरपाई मिळणार की नाही, हे मग पिकाइतकेच नशिबावर ठरते. २०२५च्या खरिपात राज्यात भरपाई पीक कापणीच्या उताऱ्यावर आधारित झाली, म्हणून हे ओझे आणखी वाढले.

कापसाचे तर वेळापत्रकही जुळत नाही. आपल्याकडे अंतिम पैसेवारी ३१ डिसेंबरला जाहीर होते. त्या दिवशी विदर्भातल्या कितीतरी पऱ्हाट्यांचा शेवटचा वेचा अजून झाडावर असतो.