डेटावहन-वेगाचे रूपांतर : जुने साठवण-इंटरफेस व आधुनिक नेटवर्क

हार्ड डिस्क किंवा प्रकाशीय तबकडी संगणकाला ज्या इंटरफेसने जोडली जाते त्याचा वेग आणि संगणकांना परस्परांशी जोडणाऱ्या नेटवर्कचा वेग एकाच एककात आणून त्यांची तुलना करण्याची रीत. साठवण-उपकरणांचा वेग रूढीने बाइट प्रति सेकंद आणि नेटवर्कचा वेग बिट प्रति सेकंद असा सांगतात. आठाने गुणण्या-भागण्यापुरते हे रूपांतर सर्वपरिचित आहे. अडचण येते ती दिलेला आकडा संकेतनाआधीचा (तारेवरून पाठवण्यासाठी मूळ बिटांना जादा बिटांची जोड देण्याआधीचा) की नंतरचा आणि त्यातील ‘मेगा’ दशमान (१०,००,०००) की द्विमान (१०,४८,५७६), हे ठरवताना.

‘बिट’ हा शब्द क्लॉड शॅनन यांच्या १९४८ मधील निबंधात छापून आला आणि त्यांनी त्याचे श्रेय जॉन ट्युकी यांना दिले. ‘बाइट’चा उगम इतका सरळ नाही. आयबीएमच्या स्ट्रेच संगणकाची आखणी चालू असताना १९५६ च्या सुमारास वेर्नर बुखहोल्झ यांनी तो घडवला आणि ‘बिट’शी गल्लत होऊ नये म्हणून ‘घास’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग मुद्दाम बदलले, असे सामान्यतः मानतात. अमेरिकेच्या सेज या हवाई संरक्षण प्रणालीवर काम करणाऱ्यांच्या बाजूनेही साधारण त्याच काळाचा दावा पुढे आला आहे. तथापि स्ट्रेच प्रकल्पातील समकालीन टिपणे पाहता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. स्ट्रेचमधील बाइट एक ते आठ बिटांचा असू शके. आठ बिटांचा बाइट रूढ झाला तो मुख्यतः १९६४ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएमच्या सिस्टिम/३६० या संगणकमालिकेमुळे. नेटवर्कच्या प्रमाणग्रंथांत ‘ऑक्टेट’ हा शब्द दिसतो तो ही जुनी संदिग्धता टाळण्यासाठीच. रोमन लिपीत लहान ‘बी’ बिटसाठी व मोठा ‘बी’ बाइटसाठी वापरण्याचा प्रघात आहे. देवनागरीत असा भेद नसल्याने नुसते ‘एमबीपीएस’ लिहिल्यास आठपटीचा फरक वाचकाच्या अंदाजावर सोडला जातो.

समांतर इंटरफेसमध्ये एकाच वेळी बिट नेणाऱ्या तारांची संख्या (मार्गाची रुंदी) आणि सेकंदाला होणाऱ्या हस्तांतरांची संख्या यांचा गुणाकार म्हणजे वेग. हार्ड डिस्कसारखी उपकरणे जोडणाऱ्या स्कझी या इंटरफेसच्या १९८६ च्या मानकातील आठ बिटी मार्ग सेकंदाला कमाल सुमारे ५० लक्ष हस्तांतरे करी, म्हणून त्याचा वेग ५ मेगाबाइट किंवा ४० मेगाबिट प्रति सेकंद होता. अल्ट्रा-३२० या स्कझीच्याच नंतरच्या आवृत्तीमध्ये १६ बिटी मार्ग आणि ८० मेगाहर्ट्‌झ घड्याळ-स्पंदांच्या दोन्ही कडांवर हस्तांतर यांमुळे ३२० मेगाबाइट, म्हणजे २.५६ गिगाबिट प्रति सेकंद मिळत. मात्र ही क्षमता त्या मार्गावरील सर्व उपकरणांत वाटली जाई. एसटी-५०६ हा १९८० चा इंटरफेस साठवण-वेग बाइटमध्ये सांगण्याच्या रूढीला अपवाद आहे. त्यात तबकडीवरून निघालेला बिटप्रवाह तसाच नियंत्रकाकडे जात असल्याने त्याचा वेग ५ मेगाबिट प्रति सेकंद असाच सांगितला जातो.

एकामागून एक बिट पाठवणारे क्रमिक इंटरफेस आल्यावर भाजक आठ की दहा, हा प्रश्न उभा राहिला. आयबीएमच्या विडमर व फ्रानाशेक यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या संकेतनात प्रत्येक आठ बिटांसाठी तारेवर दहा बिट जातात. हार्ड डिस्कच्या साटा या क्रमिक इंटरफेसचा १.५ गिगाबिट हा आकडा तारेवरचा, म्हणून त्यास दहाने भागून १५० मेगाबाइट येतात. प्रकाशतंतूवरील गिगाबिट इथरनेटमध्येही हेच संकेतन आहे, पण तेथे तारेवरचा वेग १.२५ गिगाबॉड (सेकंदाला १.२५ अब्ज संकेत-स्पंद; येथे तारेवरचे तितकेच बिट) असून नावातील एक गिगाबिट हा संकेतन वगळून उरलेला वेग आहे. त्यास आठानेच भागावे लागते आणि १२५ मेगाबाइट येतात. साठवण-उपकरणांच्या जाळ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फायबर चॅनलच्या पहिल्या पिढीचे ‘एक गिगाबिट’ हे नाव या दोहोंशी तुलना करताना विशेष फसवे ठरते. १.०६२५ गिगाबॉडमधून त्यात १०६.२५ मेगाबाइट मिळतात, तरी व्यवहारात १०० असेच सांगतात. दहा गिगाबिट इथरनेटच्या प्रचलित प्रकाशतंतू-प्रकारांत ६४ बिटांमागे ६६ बिट जातात व तारेवरचा वेग १०.३१२५ गिगाबॉड असतो. एका ६ गिगाबिट साटा दुव्याचे ६०० मेगाबाइट म्हणजे ४.८ गिगाबिट, असे दोन दुवे या नेटवर्कमध्ये कसेबसे मावतात. जुन्या मोडेममध्येही दहानेच भागत, पण तेथे कारण प्रत्येक आठ बिटांभोवती लागणाऱ्या आरंभ व अंत बिटांचे होते. हे साम्य योगायोगाचे समजावे.

स्कझीच्या आज्ञा टीसीपी या इंटरनेटवरील डेटावहन-नियमावलीवरून नेणारे आयस्कझी २००४ मध्ये इंटरनेट मानक म्हणून प्रसिद्ध झाले आणि या तुलनेला व्यावहारिक महत्त्व आले. इथरनेटच्या १५०० बाइट नेणाऱ्या प्रत्येक चौकटीमागे (एका वेळी जाणाऱ्या गठ्ठ्यामागे) शीर्षके, तपासबेरीज, पूर्वसूचक व मधली फट मिळून ३८ बाइट खर्च होतात. वेळमुद्रेसह आयपी (पत्त्यांची नियमावली) व टीसीपी यांच्या शीर्षकांचे ५२ बाइट वजा केल्यास १५३८ पैकी १४४८ बाइट उपयोगी राहतात, म्हणजे गिगाबिटमधील सुमारे ९४१ मेगाबिट अथवा ११७.७ मेगाबाइट. आयस्कझीची स्वतःची शीर्षके यातूनच जातात.

इंटरफेस व नेटवर्कचे वेग दशमान ‘मेगा’ने मोजतात, पण अनेक संगणक-प्रणाली १०,४८,५७६ बाइटांना मेगाबाइट म्हणत आल्या आहेत; अशा पडद्यावर वरील ११७.७ चा आकडा ११२.२ दिसतो. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने १९९८ मध्ये ‘मेबी’ (१०,४८,५७६), ‘किबी’ (१०२४) हे द्विमान उपसर्ग स्वीकारले, तरी बाजारातील वापर मिश्रच राहिला. सीडी-रॉमचा एकपट वेग हे द्विमान मोजणीचे परिचित उदाहरण होय : सेकंदाला २०४८ बाइटांचे ७५ खंड, म्हणजे १५० किबीबाइट किंवा १.२२८८ मेगाबिट.