कसा हाय पिच्चर? (कोल्हापूर)

‘कसा हाय पिच्चर?’ हा कोल्हापुरातला प्रश्न आहे, आणि त्या प्रश्नापासनं पुढं जे काय सुरू होतं त्या सगळ्या प्रकाराला दुसरं नाव नसल्यामुळं ही नोंद त्याच नावाखाली केलीय. पिक्चर बघून आलेल्या माणसानं गाडी स्टँडला लावायच्या आधी त्याला हे विचारलं जातं, तो जे उत्तर देईल त्यावर मग गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर, तालमीच्या पायरीवर, रंकाळ्याच्या कठड्यावर, लग्नाच्या पंगतीत, कुठंही, पुढचे आठ-पंधरा दिवस तोंडं चालू राहतात. याला परीक्षण म्हणायचं नाही. परीक्षणात साडेतीन स्टार वगैरे असतंय, इथं निकाल एका दमात लागतो. ‘नाद खुळा’ म्हणजे परत बघणार. ‘बरा हाय’ म्हणजे आवडला नाही पण तिकिटाचे पैसे स्वतःच्या खिशातले गेलेत. ‘एसी चांगला हुता’ एवढंच कुणी म्हणालं तर त्या पिक्चरचं काय खरं नाही, विषय तिथंच मिटला.

आता पिक्चरवर बाकीच्या गावातली लोकं पण बोलतातच की, पण कोल्हापूरच्या माणसाला बोलताना वाटत असतं की हा धंदा मुळात आपल्या घरचा. ते तसं खोटं पण नाही. बाबूराव पेंटर इथलेच, चित्रं, मूर्ती, नाटकाचे पडदे सगळ्यात हात बसलेला माणूस, आनंदराव पेंटरांबरोबर सिनेमाचा कॅमेरा स्वतःच बनवायच्या मागं लागले, १९१६ ला आनंदराव गेले तरी नाद सोडला नाही, कॅमेरा इथंच तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. तिथं शिकून तयार झालेले व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल आणि केशवराव धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्ण्यांना बरोबर घेऊन १९२९ ला ‘प्रभात’ काढली, ती पण कोल्हापुरातच, आणि ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा मराठीतला पहिला बोलपट तिथंच झाला. पुढच्याच वर्षी प्रभात पुण्याला गेली. त्याचा राग काही जणांच्या बोलण्यात अजून असतो, जसं काय परवाच टेम्पोत सामान भरलंय.

यातनं एक सवय लागलीय, न बघितलेल्या पिक्चरवर पण ठाम मत असायची. ‘सैरंध्री’ (१९२०) मधला कीचकवध लोकांना इतका खरा वाटला की तो सीन कापावा लागला, हे सांगणारा असा सांगतो की पुढच्या रांगेत बसून बघून आलाय. ‘सावकारी पाश’ (१९२५) मध्ये शांताराम तरुण शेतकरी झालेत, जमीन सावकाराच्या घशात जाते आणि गडी पोटासाठी शहर गाठतो. हा मूकपट आज बघायलाच मिळत नाही. तरी ‘तसा परत झाला न्हाई’ हे वाक्य पक्कं. बाबूरावांनी तोच विषय १९३६ ला बोलपट करून परत काढला तर त्यावर कट्ट्यावरचा शहाणा म्हणणार, मुका होता तोच भारी. दोन्ही न बघता. मी पण म्हणतो तसंच, खोटं कशाला बोलू.

मग नात्यागोत्याचं असतंय. भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओत वर्षानुवर्षं ऐतिहासिक पिक्चर झाले, त्याला मावळे लागायचे, घोड्यावर बसता येणारी माणसं लागायची, आणि ती आणणार कुठनं तर पेठेतनं, तालमीतनं. त्यामुळं टीव्हीवर जुना पिक्चर लागला की गोष्ट राहते बाजूला आणि घरातलं कोणतरी ओरडतं, ‘त्यो बघ, डावीकडनं तिसरा, ढालवाला, आमचा आज्जा!’ ढालवाला तोवर निघून गेलेला असतो. पण आता त्या पिक्चरला नाव ठेवायची कुणाची बिशाद आहे. १९४८ ला गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत जयप्रभा जळाला, भालजींनी तो परत उभा केला आणि पुढं ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘साधी माणसं’, ‘तांबडी माती’ काढले. या तिन्हीचं संगीत ‘आनंदघन’ या नावानं लता मंगेशकरांनी दिलंय, हे नवीन पोराला पहिल्यांदा सांगायचा मान मिळावा म्हणून दोन-तीन काका एकदम बोलायला लागतात. ‘साधी माणसं’ मधला सूर्यकांतांचा लोहार मात्र खरंच बघण्यासारखा, तिथं काकांचं मत आणि माझं मत एकच आहे.

पण रात्र जागवायची असेल तर ‘पिंजरा’ (१९७२) काढायचा. आदर्श मास्तर तमाशातल्या बाईच्या नादी लागतो, गाव त्याला मेला समजून पुतळा उभारतं आणि शेवटी त्याच्यावर खटला कसला, तर स्वतःच्याच खुनाचा. पन्नास वर्षं उलटून गेली तरी मास्तर चुकला का बाई चुकली का गाव चुकलं याचा निकाल लागलेला नाही. एक पार्टी म्हणते मास्तरनं कोर्टात खरं सांगून मोकळं व्हायचं होतं, दुसरी म्हणते सांगितलं असतं तर पुतळा पडला असता आणि गाव परत पहिल्यासारखं झालं असतं, आणि एक कोपऱ्यातला म्हातारा म्हणतो पुतळा उभारायची घाई कशाला केली ते आधी बोला. मधेच कोणतरी मूळ जर्मन पिक्चरचा विषय काढतो, त्याच्याकडं कुणी बघत पण नाही.

पिंजऱ्यावरनं गाडी हमखास ‘सामना’ वर येते. त्यात पण श्रीराम लागू, त्यात पण मास्तरच, फक्त दारूत बुडालेला, आणि समोर निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील, सगळा साखर कारखाना खिशात घालून फिरणारा. जब्बार पटेलांचा हा पिक्चर १९७५ ला बर्लिनच्या महोत्सवात गेलेला, पण माझं म्हणणं असं की बर्लिनवाल्यांना तो निम्माच कळला असणार, कारण सभासद, ऊसदर, तोडणीची टोळी, गव्हाण (कारखान्यात ऊस टाकतात ती जागा) हे आमच्याकडं सकाळच्या पेपरात असतंय. कागल-शिरोळकडचा माणूस हिंदुराव बघतो आणि गालातल्या गालात हसून म्हणतो, ‘आमच्याकडं बी हाय एक.’ नाव घेत नाही. लागू कशात भारी यावर वाद घालायचाच असेल तर माझं मत सामन्याला, पिंजऱ्यात त्यांनी आवाज लावलाय आणि सामन्यात तो गिळलाय. हे मी एकदा तालमीत बोललो तर चहाचे पैसे मलाच द्यायला लावले.

नवीन पिक्चरला पहिली कात्री लागते भाषेची. पानी, लोनी असं केलं, ण चा न केला की झाली गावाकडची भाषा, असं ज्यांना वाटतं त्यांचं इथं पाच मिनिटांत वाटोळं होतं. कोल्हापुरी म्हणजे ‘काय करालाईस’, ‘कुठं गेलतास’, आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे इथल्या बायका-पोरी पण ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. पडद्यावरची कोल्हापूरची पोरगी ‘मी आले गं’ म्हणाली रे म्हणाली की मागनं आवाज येतो, ‘पुण्याची हाय!’ ‘सैराट’ (२०१६) ला या बाबतीत माफी मिळाली कारण ती बोली करमाळ्याकडची आणि ती तशीच ठेवलीय. त्यातला शेवटचा सीन, आवाज पूर्ण बंद असलेला, तो बघून बाहेर पडलेल्या पब्लिकला कसा हाय पिच्चर विचारलं तर कुणी बोललंच नाही, हे मी स्वतः बघितलंय, आणि इथं असं क्वचित होतं.

कुस्तीचा सीन असला तर मग विचारूच नका. खासबागेत कुस्त्या बघून मोठी झालेली माणसं, एकेरी पट काढला का ढाक मारली हे समजायच्या आत कॅमेरा दुसरीकडं पळाला की खवळतात. ‘दंगल’ (२०१६) पास झाला कारण डाव दिसतो, सुरू कुठं झाला आणि चीत कशी झाली हे कळतं. त्याउलट काही मराठी पिक्चरमधले पैलवान बघून एक वस्ताद म्हणालेले, याला आधी दूध पाजा. ‘नटरंग’ (२०१०) ची गोष्ट वेगळी, एक तर गुणा कागलकर म्हणजे आमच्या शेजारचाच, मूळ कादंबरीवाले आनंद यादव पण कागलचेच, आणि अतुल कुलकर्णीनं आधी पैलवानाचं अंग कमावून मग नाच्यासाठी उतरवलं, ही अंगमेहनत इथल्या माणसाला अभिनयापेक्षा आधी दिसते.

‘पावनखिंड’ (२०२२) च्या वेळी तर भूगोलाचा तास सुरू झाला. दर पावसाळ्यात पन्हाळ्यावरनं म्हसाई पठार, करपेवाडी, पांढरपाणी करत चिखल तुडवत खिंडीपर्यंत जाणारी पोरं इथं ढिगानं आहेत, त्यांना पिक्चरमधला पाऊस पुरेना. ‘एवढ्या पावसात आमच्या बुटाचा तळ निघतो, ह्यांचं पागोटं बी भिजंना’ हे एक, तर दुसरा तिथंच, गप बस, बाजीप्रभू बघून डोळ्यात पाणी आलं का नाही ते सांग. आलेलं असतं.

बायकांचा निकाल वेगळा लागतो आणि तो पुरुषांच्या कट्ट्यावर उशिरा पोचतो. ‘बाईपण भारी देवा’ (२०२३) ला साड्या ठरवून, गॉगल लावून, भिशीचा सगळा ग्रुप थेटरात, आणि घरी आल्यावर कसा हाय म्हणून विचारलं तर ‘तुला न्हाई कळायचा’ एवढंच उत्तर. त्यावर अपील नाही. सीमाभाग जवळ असल्यामुळं ‘कांतारा’ (२०२२) कानडीतनंच बघा, हिंदीत मजा जाते असं सांगणारा पण प्रत्येक ग्रुपात एक असतो, निपाणीकडं त्याची मावशी वगैरे असते.

उमा, पद्मा, अयोध्या, व्हीनस ही टॉकीजची नावं आता पिक्चरपेक्षा पत्ता सांगायला जास्त लागतात. पिटात बसून पडद्यावर चिल्लर उधळणारं पब्लिक मल्टिप्लेक्सात येऊन जरा गप झालंय, पॉपकॉर्नच्या दराचा धसका हे एक कारण. गंभीर मंडळींसाठी बाबूराव पेंटरांच्याच नावाची फिल्म सोसायटी आहे, शहरात आंतरराष्ट्रीय महोत्सव पण होतो, आणि तिथं परदेशी पिक्चर खालची अक्षरं वाचत बघून बाहेर आलेला माणूस पण दसरा चौकात भेटला की म्हणतो काय, तर ‘नाद खुळा’.

एक नियम मात्र इथं कुणी पाळत नाही. शेवट सांगू नको म्हटलं तर ‘न्हाई सांगत’ म्हणून सुरुवात होते, मग हिरोचा बाप कोण, इंटरव्हलला काय, मेला कोण, वाचला कोण, सगळं हातवारे करून सांगून होतं, चहा संपतो, आणि उठताना खांद्यावर हात ठेवून, ‘पण तू बघच एकदा.’