स्प्रेड स्पेक्ट्रम क्लॉक : व्यत्यय मोजण्याच्या नियमांची पार्श्वभूमी

संगणकाच्या बायोसमध्ये, म्हणजे सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, अनेकदा ‘स्प्रेड स्पेक्ट्रम’ नावाचा एक पर्याय असतो. तो संगणकाच्या क्लॉकची, म्हणजे सर्व कामांना ताल देणाऱ्या विद्युत स्पंदनांची, वारंवारता किंचित हलती ठेवतो. प्रोसेसर ठरीव वेगापलीकडे चालवणारे हौशी लोक तो बंद करतात आणि बाकीचे त्याकडे पाहतही नाहीत. कारखान्यातून निघताना तो बहुधा चालू असतो, कारण विद्युतचुंबकीय व्यत्ययाच्या (उपकरणातून निघून रेडिओसारख्या इतर उपकरणांना त्रास देणाऱ्या लहरींच्या) चाचणीत उत्तीर्ण होण्यासाठी त्याचा आधार घेतलेला असतो. हा पर्याय व्यत्यय खरोखर कमी करतो की केवळ मोजणीत कमी दाखवतो, हा वाद गेली तीस वर्षे मिटलेला नाही. तो समजून घेण्यासाठी मोजणीचे उपकरण कोणासाठी घडवले गेले होते, हे आधी पाहावे लागते.

१९३३ मध्ये पॅरिसला झालेल्या बैठकीतून रेडिओ व्यत्ययासाठी एक आंतरराष्ट्रीय समिती आकाराला आली आणि पुढच्या वर्षी तिचे काम सुरू झाले. तेव्हा नभोवाणी ऐकणाऱ्याचा त्रास हाच विषय होता. मोटरच्या ब्रशमधून किंवा स्विचच्या ठिणगीतून येणारा एखादाच कडकड आवाज श्रोता सहन करतो, पण तोच सेकंदाला शंभर वेळा आला तर कार्यक्रम ऐकणे अशक्य होते. या अनुभवाला मापात बसवण्यासाठी झटपट भारित होणारा आणि सावकाश विसर्जित होणारा ‘क्वासी-पीक’ डिटेक्टर, म्हणजे आवाज जितका वारंवार येईल तितके मोठे माप दाखवणारे मोजणी-सर्किट, रूढ झाले. ३० मेगाहर्ट्झ ते १ गिगाहर्ट्झ या पट्ट्यासाठी पुढे ठरलेली त्याची मूल्ये अशी : भारित होण्याचा कालांक (त्याला लागणाऱ्या वेळेचे माप) १ मिलिसेकंद, विसर्जनाचा ५५० मिलिसेकंद आणि मोजणीच्या रिसीव्हरची बँडविड्थ, म्हणजे तो एका वेळी मोजतो तो वारंवारतांचा पट्टा, १२० किलोहर्ट्झ. यांतला शेवटचा आकडा या वादाच्या मुळाशी आहे.

घरगुती संगणक आल्यावर हेच माप अंकीय उपकरणांना लागू झाले. १९७९ मध्ये अमेरिकेने संगणकीय उपकरणांसाठी नियम केले, व्यापारी वापरासाठी ‘अ’ आणि निवासी वापरासाठी ‘ब’ असे वर्ग पाडले, आणि ‘ब’ वर्गाला ३० ते ८८ मेगाहर्ट्झ दरम्यान ३ मीटर अंतरावर मीटरला १०० मायक्रोव्होल्ट ही मर्यादा घातली. नियमात बसत नसल्यामुळे एक खूप खपलेला घरगुती संगणक १९८१ च्या सुरुवातीला अमेरिकी बाजारातून मागे घ्यावा लागला. युरोपने १९८९ च्या निर्देशाने, १९९६ पासून सक्तीने, उत्सर्जनाबरोबरच उपकरणाने बाहेरचा व्यत्यय सोसण्याची क्षमताही आवश्यक केली. अमेरिकेत १९८२ च्या कायद्याने तसा अधिकार नियामकाला मिळाला होता, पण ती बाब मुख्यतः उत्पादकांवर सोडण्यात आली. युरोपचा निर्णय अधिक दूरदृष्टीचा होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. चर्चा मात्र कायम उत्सर्जनाच्या आकड्यांचीच होत राहिली.

संगणकाचे क्लॉक जितके अचूक, तितकी त्याची ऊर्जा मूळ वारंवारतेवर आणि तिच्या हार्मोनिक्सवर (दुप्पट, तिप्पट अशा पटींवर) अरुंद रेषांमध्ये एकवटते, आणि मर्यादा ओलांडतात त्या या रेषाच. धातूचे आवरण, तारांवरचे फेराइट (व्यत्यय शोषणारे चुंबकीय मणी) आणि बोर्डाची फेरमांडणी हे उपाय खर्चिक होते. १९९४ मध्ये एका प्रिंटर-निर्मात्या कंपनीच्या अभियंत्यांनी वेगळा मार्ग मांडला : क्लॉक जाणूनबुजून किंचित हलते ठेवावे. १०० मेगाहर्ट्झचे क्लॉक एकूण अर्ध्या टक्क्याच्या पट्ट्यात खाली-वर होत राहिले तर त्याची रेषा ५०० किलोहर्ट्झवर पसरते आणि रिसीव्हरच्या १२० किलोहर्ट्झच्या खिडकीत एका वेळी तिचा काही अंशच सापडतो. दहाव्या हार्मोनिकवर हाच पसारा ५ मेगाहर्ट्झचा होतो, म्हणून वरच्या वारंवारतांवर लाभ अधिक मिळतो.

आक्षेप उघड होता. बाहेर पडणारी एकूण ऊर्जा होती तेवढीच राहते. ज्याचा पट्टा पसाऱ्यापेक्षा रुंद आहे, उदाहरणार्थ ६ ते ८ मेगाहर्ट्झचा दूरचित्रवाणी चॅनेल, त्याच्यात ती सगळीच्या सगळी शिरते. शिवाय अमेरिकी नियमांत असे कलम होते की वारंवारता फिरवत ठेवणाऱ्या उपकरणांचे मापन ती फिरती थांबवून करावे. हे कलम शब्दशः लावले असते तर नव्या युक्तीला काही अर्थच उरला नसता. संगणकाच्या क्लॉकला ते लावले गेले नाही. समर्थकांचे म्हणणे असे होते की अरुंद पट्ट्याच्या रिसीव्हरला लाभ खरोखरच होतो, आणि ही फिरती सेकंदाला तीस हजारांहून अधिक वेळा होत असल्याने तिचा स्वतःचा सूर कानाला ऐकू येत नाही.

या युक्तीला फसवणूक म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण ती नियमाने दिलेल्या मापातच बसते. परंतु मापाची खिडकी किती रुंद असावी, हा प्रश्न तेव्हाच ऐरणीवर घ्यायला हवा होता. युक्ती मान्य झाल्यामुळे तो पुढे ढकलला गेला, आणि उद्योगाला ते सोयीचेच होते. पुढे पीसीआय एक्स्प्रेससारख्या (संगणकाच्या आतील भाग जोडणाऱ्या) मानकांनी ३० ते ३३ किलोहर्ट्झच्या गतीने अर्ध्या टक्क्यापर्यंतचा पसारा सामावून घेतला. तोही केवळ खालच्या बाजूला, कारण क्लॉक कमाल वेगाच्या वर गेले तर सर्किटची वेळेची गणिते चुकतात.

या उपायाची मर्यादा यूएसबी ३.० ने दाखवून दिली. सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने जाणारा, मुद्दाम विस्कटलेला (ठरावीक नमुना पुन्हा पुन्हा येऊ नये म्हणून सरमिसळ केलेला) डेटा स्वतःच रुंद पट्ट्यावर गोंगाट करतो आणि बिनतारी उपकरणांचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा नेमका त्यात येतो. त्यामुळे बाह्य डिस्क जोडताच शेजारचा बिनतारी माऊस अडखळतो. इथे क्लॉक पसरवून काही साधत नाही. कनेक्टरभोवतीचे आवरण आणि अँटेनापासूनचे अंतर हेच उपाय उरतात, म्हणजे जे टाळण्यासाठी युक्ती शोधली होती तेच. दरम्यान अंकीय रिसीव्हरला होणारा त्रास अधिक नेमका टिपणारा आरएमएस-सरासरी डिटेक्टर २००० नंतर आंतरराष्ट्रीय मानकात आला. क्वासी-पीक मात्र हटला नाही, कारण दशकानुदशकांच्या मर्यादा त्याच्याच भाषेत लिहिलेल्या आहेत.

भारतात दूरसंचार उपकरणांची सक्तीची चाचणी २०१९ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. तिच्या विद्युतचुंबकीय अटींचा पाया याच आंतरराष्ट्रीय मानकांवर आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारींमध्ये हा प्रश्न पुन्हा मध्यम लहरींपर्यंत, म्हणजे एएम रेडिओच्या पट्ट्यापर्यंत, पोहोचला आहे. बॅटरीची वीज मोटरसाठी बदलणाऱ्या इन्व्हर्टरच्या जलद स्विचिंगची हार्मोनिक्स त्या पट्ट्यात जातात, आणि आवरण व फिल्टरचा खर्च करण्याऐवजी काही उत्पादकांनी अशा मोटारींतून एएम रेडिओच काढून टाकला. त्यावर २०२३ मध्ये अमेरिकी संसदेत तो प्रत्येक मोटारीत सक्तीचा करण्याचे विधेयक मांडले गेले.