टनभार (जहाजाचा)

टनभार म्हणजे व्यापारी जहाज केवढं आहे आणि त्यात माल किती मावतो हे सांगणारा आकडा, बोलताना टनेज. नावात टन असला तरी हा बहुतेक वेळा वजनाचा नाही तर जागेचा आकडा असतो, आणि बातमीत "अमुक हजार टनांचं जहाज" येतं तेव्हा नेमका कुठला टन हे क्वचितच कळतं.

शब्द आला वाइनच्या पिंपावरून. मध्ययुगात फ्रान्सच्या बोर्दोहून इंग्लंडला वाइन जायची ती 'टन' नावाच्या मोठ्या पिंपांतून, एका पिंपात २५२ वाइन गॅलन म्हणजे साधारण ९५४ लिटर, जहाजात अशी किती पिंपं बसतात त्यावर जहाज लहान की मोठं ते ठरायचं आणि जकातही पिंपामागेच. आता मूळ माप वजनाचं की जागेचं यावर अभ्यासकांत दोन तट आहेत. भरलेलं पिंप २२४० पौंडांच्या, म्हणजे एका इंग्रजी टनाच्या आसपास भरायचं म्हणून काहीजण वजन आधी मानतात. पण गोल पिंपं रचली की मधे फटी राहतात, आतली वाइन ३४ घनफूटसुद्धा नसते पण जागा त्याहून बरीच जास्त अडते, आणि फ्रान्सनं १६८१ मध्ये समुद्री टन ठरवला तोही ४२ फ्रेंच घनफूट (१.४४ घनमीटर) असा जागेतच, तेव्हा जागेची बाजू जास्त पटते. वजनाचा अर्थ मागाहून पक्का झाला असावा.

पुढे पिंपांऐवजी सूत्र आलं. ब्रिटनच्या १७७३ च्या कायद्यात ते असं: लांबीतून रुंदीचा ३/५ भाग वजा, गुणिले रुंदी, गुणिले अर्धी रुंदी, भागिले ९४. हा ९४ कुठून आला? एक खुलासा असा की जहाजाचा पाण्याखालचा भाग लांबी-रुंदी-खोलीच्या चौकटीच्या ०.६२ धरायचा, ३५ घनफूट समुद्राचं पाणी म्हणजे एक टन, आणि एकूण भाराचा ३/५ माल, हे सगळं गुणलं की जवळजवळ १/९४ च येतं. हिशोब जुळतो खरा, पण आधी आकडा आणि मग कारण असंही झालं असेल. यात खोली मोजलीच जात नाही, अर्धी रुंदी हीच खोली धरतात, मग कर वाचवायला लोकांनी अरुंद आणि खोल जहाजं बांधली, ती समुद्रात फार डुलायची. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं आणि आज इंग्लंडच्या हार्टलपूलला असलेलं 'त्रिंकोमाली' (१८१७) याच मापानं सुमारे १०६५ टनांचं.

१८५४ मध्ये मूरसम यांची पद्धत आली, आतली जागा खरोखर मोजायची आणि १०० घनफुटांना एक रजिस्टर टन. १०० का, तर ब्रिटिश जहाजांची जुन्या टनांशी तुलना करता टनामागे सुमारे ९८ घनफूट निघाले, तो आकडा गोल केला. यातही पळवाट निघालीच, वरच्या डेकला ठरावीक भोक ठेवलं की खालची जागा 'उघडी' म्हणून हिशोबातून बाद.

लंडनचा १९६९ चा आंतरराष्ट्रीय करार १८ जुलै १९८२ पासून लागू आहे, जुन्या जहाजांना १२ वर्षं सवलत होती. आता ग्रॉस टनेज म्हणजे बंदिस्त जागेचे घनमीटर गुणिले (०.२ + ०.०२ × त्या घनमीटरांचा १० च्या पायाचा लॉगरिदम), १०,००० घनमीटरला २८०० येतात आणि या आकड्याला एककच नाही. नेट टनेज, म्हणजे कमाईच्या जागेचा आकडा, ग्रॉसच्या ३० टक्क्यांखाली जात नाही. भारतात २००४ पासूनचा टनेज टॅक्स (जहाज कंपन्यांवरचा टनेजनुसार कर) नेटवरच बसतो.

वजनाचा खरा आकडा डेडवेट, त्यात माल, इंधन, पाणी, खलाशी सगळं आलं. होल्डची (मालाच्या कोठीची) जागा मात्र दोन तऱ्हांनी सांगतात, धान्याची आणि गाठींची, धान्य जहाजाच्या फासळ्यांमधेही शिरतं म्हणून पहिला आकडा मोठा. मुरगावहून लोहखनिज भरलं की होल्ड बराच रिकामा असतानाच जहाज भाररेषेपर्यंत (जास्तीत जास्त बुडण्याच्या खुणेपर्यंत) बसतं, कापसाच्या गाठींनी आधी जागा संपते. कंटेनर जहाजं वीस फुटी डब्यांतच मोजतात.

आपल्याकडे गलबतांचा माल खंडीत सांगायचे. मुंबईची खंडी ५६० पौंडांची, म्हणजे चार खंडी बरोबर एक इंग्रजी टन. सुरतेची खंडी वेगळी होती.