घटस्फोट : संज्ञा आणि न्यायालयीन परिभाषा (सोलापूर)

घटस्फोट : पती-पत्नी हयात असताना त्यांचा वैध विवाह न्यायालयाच्या हुकूमनाम्याने संपुष्टात येणे. सोलापूर शहर व जिल्ह्यात याच अर्थाने फारकत, सोडचिठ्ठी आणि काडीमोड हे शब्द बोलले जातात. उर्दू बोलणाऱ्या घरांत तलाक व खुला (पत्नीच्या मागणीवरून होणारी सुटका). बोलण्यात हे शब्द सहज एकमेकांच्या जागी येतात. कायद्यात ते तसे बदलता येत नाहीत आणि पक्षकारांचा बराचसा घोटाळा इथूनच सुरू होतो.

व्युत्पत्ती : ‘घटस्फोट’ या शब्दाचा विवाहाशी मुळात संबंध नव्हता. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पतिताला (पातकामुळे बहिष्कृत झालेल्याला) जिवंतपणीच मृत मानण्याचा विधी आहे : सपिंड (जवळचे भाऊबंद) व बांधवांनी गावाबाहेर, निंद्य दिवशी, सायंकाळी, ज्ञाती, ऋत्विज (यज्ञाचे पुरोहित) व गुरू यांच्या समक्ष त्याला मृताला देतात तसे उदक द्यावे, मग दासीने पाण्याने भरलेला घट, प्रेताच्या बाबतीत करतात तसा, पायाने लवंडावा. येथे घट लवंडतो, फुटतो असे म्हटलेले नाही. त्यामुळे ‘स्फोट’ कुठून आला याविषयी दोन मते संभवतात. एक, उत्तरकालीन रूढीत लवंडण्याची जागा फोडण्याने घेतली. दुसरे, दहनाच्या वेळी चितेभोवती फिरवून फोडायच्या मडक्याशी हा विधी एकरूप झाला. मूळ वचनातच ‘प्रेतवत्’ हा शब्द असल्याने दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. लग्नातला कलश फुटला म्हणजे घटस्फोट, ही लोकांत ऐकू येणारी उपपत्ती मात्र मागाहून जुळवलेली दिसते.

एकोणिसाव्या शतकातील कोशांत जातिबहिष्काराचा हा विधी, आणि त्यावरून कायमचा संबंधविच्छेद, असाच अर्थ पुढे येतो. विवाहविच्छेदाच्या अर्थाने शब्द रूढ होण्याचा काळ त्या शतकाची अखेर ते विसाव्याचा पूर्वार्ध असा ढोबळमानाने धरता येईल. हिंदीने कायद्यात ‘विवाह-विच्छेद’ घेतला. मराठीने घटस्फोट ठेवला. शास्त्रातल्या पतिताला प्रायश्चित्तानंतर नवा घट पाण्यात टाकून परत घेता येत असे. आजच्या हुकूमनाम्यानंतर त्याच दांपत्याला एकत्र यायचे तर पुन्हा लग्नच लावावे लागते.

‘काडीमोड’ हा शब्द काडी मोडून संबंध तुटल्याचे जाहीर करण्याच्या कृतीवरून, तर ‘सोडचिठ्ठी’ नवऱ्याने लिहून द्यायच्या मोकळीकपत्रावरून आला. पूर्वी पाट (स्त्रीचा पुनर्विवाह) लावण्याआधी अशी चिठ्ठी मागत. ‘फारकत’ वादग्रस्त आहे. काहींच्या मते तो अरबी फिराक, मुफारकत (वियोग) यांच्या कुळातला. काहींच्या मते फारिग (मोकळा) व खत (लेख) मिळून झालेल्या फारखती या दस्तऐवजाच्या नावाचा अपभ्रंश. देण्याघेण्यात हक्क सोडल्याच्या कागदालाही फारखतीच म्हणत, हे पाहता दुसऱ्या मताकडे कल असावा.

हा वाद केवळ शब्दांचा राहत नाही. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या मराठी पाठात कलम १० ला ‘न्यायिक फारकत’ म्हटले आहे आणि त्या कलमाने विवाह संपत नाही. एकत्र राहण्याचे बंधन तेवढे उठते. ‘कोर्टातून फारकत झाली’ म्हणणाऱ्याच्या हाती कोणत्या कलमाचा हुकूमनामा आहे, हे पहिल्या पानावर पाहिल्याशिवाय दुसरे लग्न ठरवू नये. कलम १० च्या हुकूमनाम्यानंतर वर्षभर सहवास पुन्हा सुरू झाला नाही, तर कलम १३(१अ) खाली घटस्फोटासाठी वेगळी याचिका करावी लागते. कलम ९ ला पुस्तकी नाव ‘दांपत्याधिकारांचे प्रत्यास्थापन’, बोलीत ‘नांदायला येण्याचा दावा’.

रूढीचा घटस्फोट : मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ च्या एका निवाड्यात, विवाह मोडून बायकोला पुनर्विवाहाची मोकळीक देण्याचा जातपंचायतीचा अधिकार अमान्य केला. मुंबई इलाख्यात १९४७ साली हिंदू घटस्फोटाचा स्वतंत्र कायदा झाला. १९५५ च्या अधिनियमाने तो रद्द केला. मात्र कलम २९(२) ने रूढीने मान्य असलेला घटस्फोट शाबूत ठेवला. नोटरीपुढे मुद्रांकावर लिहिलेली सोडचिठ्ठी याच कलमाच्या आधारावर दाखवली जाते, पण अशी रूढी त्या समाजात असल्याचे कैफियतीत (लेखी निवेदनात) स्पष्ट मांडून पुराव्याने शाबीत करावे लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले आहे. रूढी शाबीत झाली नाही तर पहिला विवाह कायम, दुसरा शून्य (कायद्याने झालाच नाही असा) आणि वर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली द्विविवाहाचा गुन्हा.

सोलापुरातील न्यायालये : शहरातील वैवाहिक वाद १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय अधिनियमानुसार स्थापन झालेल्या कौटुंबिक न्यायालयात चालतात. त्याच्या क्षेत्राबाहेरील तालुक्यांत याचिका दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे जाते. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. लग्न जिथे लागले, दोघे शेवटी जिथे एकत्र राहिले किंवा जाबदार (ज्याच्याविरुद्ध याचिका आहे तो) जिथे राहतो, तेथे याचिका करता येते. २००३ पासून पत्नीला स्वतःच्या राहत्या ठिकाणीही करता येते. माहेर सोलापूर आणि सासर विजयपूर असलेल्या स्त्रीला म्हणूनच सीमा ओलांडावी लागत नाही.

कौटुंबिक न्यायालयात प्रकरणाचे अक्षरच त्याची जात सांगते : ‘ए’ म्हणजे वादातली विवाह याचिका, ‘डी’ मुलांचा ताबा, ‘ई’ पोटगी, ‘एफ’ परस्पर संमती. कौटुंबिक न्यायालय अधिनियमाच्या कलम १३ नुसार येथे वकील हा हक्क नाही. त्यासाठी परवानगीचा अर्ज देतात. नोटीस बजावल्यावर प्रकरण समुपदेशकाकडे जाते. तेथे काही जमले नाही की जाबदाराची कैफियत, वादाचे मुद्दे, सरतपास (आपल्याच साक्षीदाराची तपासणी), उलटतपास. अंतरिम अर्जावरील उत्तराला ‘म्हणणे’ म्हणतात, वकील नुसते ‘से’ म्हणतात. पक्षकाराने एखादी गोष्ट लेखी कळवली की ती ‘पुरसीस’. सर्वांत जास्त चुकते ते पत्त्यात. सुनेचा पत्ता सासरचाच घातला की नोटीस भलत्याच हाती पडते, एकतर्फा हुकूमनामा होतो आणि मग तो रद्द करण्याचा अर्ज येतो. त्याची मुदत ३० दिवस. रीतसर बजावणी झालीच नसेल तर ती हुकूमनामा कळल्यापासून मोजतात.

परस्पर संमती : हिंदू विवाह अधिनियमात कलम १३-ब १९७६ च्या दुरुस्तीने आले. याचिकेपूर्वी किमान एक वर्ष वेगळे राहणे आवश्यक. ‘वेगळे’ म्हणजे पती-पत्नी म्हणून न नांदणे, छप्पर एक असले तरी. पहिल्या अर्जानंतर सहा ते अठरा महिन्यांत दोघांनी पुन्हा एकत्रित मागणी करायची. सहा महिन्यांची प्रतीक्षा माफ होऊ शकते, असे २०१७ मध्ये ठरले. मात्र तेव्हा पोटगी, ताबा, स्त्रीधन सारे मिटलेले असावे लागते. हुकूमनामा होईपर्यंत कोणालाही संमती मागे घेता येते. म्हणून ठरलेली सगळी रक्कम पहिल्याच तारखेला देऊन टाकणारा आणि सगळी शेवटावर ठेवणारा, दोघेही अडकतात. हप्ते पाडणे बरे.

पोटगी : जुन्या इनाम-जहागिरीच्या कागदांत घराण्यातल्या धाकट्या पातीच्या (शाखेच्या) निर्वाहाची नेमणूक म्हणजे पोटगी. आता हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २४ ची दावा चालू असतानाची, कलम २५ ची कायम, आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ऐवजी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ची, अशा तीन मुख्य वाटा आहेत. एका वाटेने मिळणारी रक्कम दुसरीत सांगावीच लागते. २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयापासून दोघांनीही मिळकत व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक आहे. सोलापुरात अडचण वेगळीच : यंत्रमागावरची मजुरी नगावर, विडीची हजारी दरावर, पगारपत्रक नसते. मग बँकेचे पासबुक, भविष्य निर्वाह निधीचा उतारा आणि कारखानदाराची साक्ष यांवर हिशेब उभा करावा लागतो. थकबाकीसाठी ‘दरखास्त’ (हुकूम अमलात आणण्याचा अर्ज) देतात. कलम १४४ च्या पोटगीचे वसुली वॉरंट मागायचे तर रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज हवा, आणि ती मुदत चुकली तर जुने महिने या मार्गाने वसूल होत नाहीत. घटस्फोट व पोटगीच्या प्रकरणांत स्त्रियांना महाराष्ट्रात न्यायालयीन शुल्क माफ आहे.

अपील : कौटुंबिक न्यायालय अधिनियमात ३० दिवस, हिंदू विवाह अधिनियमात २००३ पासून ९० दिवस. या विसंगतीवर मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१६ मध्ये ९० दिवसांची मुदत ग्राह्य धरली. १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरची अपिले उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचकडे जातात.

मुस्लिम स्त्रीला १९३९ च्या अधिनियमाखाली न्यायालयातून विवाह संपवता येतो. एका दमात दिलेला तिहेरी तलाक २०१९ च्या कायद्याने शून्य व दंडनीय आहे. ख्रिस्ती विवाहांना १८६९ चा, नोंदणी पद्धतीच्या विवाहांना १९५४ चा अधिनियम लागू होतो.