शिकारी बंदुकांचा धक्का : बारा बोअर आणि रायफल

बार उडताच बंदूक मागे खांद्यावर आदळते, तो धक्का. नळीतून जे जे पुढे जाते (गोळी किंवा छर्रे, छर्‍यांमागचे वॅड म्हणजे बूच, जळालेल्या दारूचा वायू) त्या सगळ्याच्या संवेगाएवढा संवेग बंदुकीला उलट दिशेने मिळतो. हा मोजता येतो. खांद्याला आणि गालाला जाणवतो तो धक्का मात्र निराळा, आणि छर्रे उडवणारी बारा बोअर आणि एकेक गोळी फेकणारी रायफल यांची तुलना करताना नेमकी इथेच गल्लत होते.

आकड्यांपासून सुरुवात करू. ३.२ किग्रॅ. वजनाच्या बारा बोअरमधून ३२ ग्रॅम छर्रे सु. ३६५ मी./से. वेगाने सुटले, तर बंदूक सु. ४.३ मी./से. वेगाने मागे येते, ऊर्जा सु. २९ जूल. दुर्बिणीसह ३.६ किग्रॅ. भरणारी .३०-०६ रायफल ११.७ ग्रॅमची गोळी ८२० मी./से. वेगाने फेकते तेव्हा हे आकडे सु. ३.९ मी./से. आणि २७ जूल येतात. म्हणजे रानातल्या नेहमीच्या काडतुसांत फरक जवळजवळ नाही. ‘रायफल जोरात मारते’ हा समज इथेच सोडून द्यावा. अमेरिकेत टर्की पक्ष्यासाठी वापरतात ते साडेतीन इंची, ५७ ग्रॅम छर्‍यांचे काडतूस ३.४ किग्रॅ. बंदुकीत सु. ८० जूल देते. आफ्रिकेत रानरेड्यासाठी चालणारी ४.१ किग्रॅ. वजनाची .३७५ मॅग्नम रायफल सु. ५० जूलवर थांबते.

मग जाणवण्यात फरक का पडतो? मुख्य कारण अंगाची ठेवण. छर्‍यांची बंदूक उभ्याने, उडत्या पक्ष्याबरोबर अंग फिरवत चालवतात. कंबरेपासून वरचे शरीर धक्क्याबरोबर मागे जाते. रायफल बहुधा मेजावर वाळूच्या पिशवीवर टेकवून किंवा पालथे पडून तपासली जाते. तेव्हा अंगाला मागे सरायला जागाच नसते, सगळा भार खांदा सोसतो. तीच रायफल उभ्याने चालवली की सौम्य वाटते. उलट, रायफलीचे दिवसाला चार-पाच बार होतात, तर मातीच्या तबकड्यांवर बारा बोअरचे शंभर. धक्का साठत जातो.

दस्ता (बंदुकीचा खांद्याला टेकणारा मागचा भाग) अंगाला बसणे बारा बोअरमध्ये फार महत्त्वाचे. दस्ता आखूड असला तर अंगठा नाकावर येतो. लांब असला तर काखेत अडकून दंडावर टेकतो. दंडावर काळानिळा डाग पडला तर बंदूक बाहेर लागली, गळपट्टीच्या हाडावर पडला तर फार आत, असे समजावे. दस्त्याची वरची कड खूप खाली असेल तर नळी उसळते आणि गालाला फटका बसतो. रायफलीत हा त्रास कमी, पण डोळा दुर्बिणीपासून ८–९ सेंमी. मागे नसेल तर तिची कड भुवईवर बसते.

उपायही दोघींचे सारखे नाहीत. .३०-०६ मध्ये धक्क्याचा जवळजवळ एक-तृतीयांश वाटा वायूचा असतो, म्हणून वायू बाजूला वळवणारा नळीच्या तोंडाचा ब्रेक चांगला उपयोगी पडतो. मात्र आवाज बाजूला फेकला जातो, शेजाऱ्याचे कान धोक्यात येतात. बारा बोअरमध्ये वायूचा वाटा सोळाव्या हिश्शाएवढाच, त्यामुळे नळीला भोके पाडून फारसे साधत नाही. तिथे छर्रे कमी करावेत : ३२ ऐवजी २८ ग्रॅम घेतल्यास ऊर्जा २९ वरून सु. २३ जूलवर येते. वायूवर चालणारी अर्धस्वयंचलित बंदूक तोच धक्का अधिक वेळात पसरवते. वजन कमी करण्याचा मोह मात्र महाग पडतो, २.७ किग्रॅ. बारा बोअर ३२ ग्रॅम काडतुसाला सु. ३५ जूल देते.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीला बंदी आहे. महाराष्ट्रात बारा बोअर पीकसंरक्षणाच्या परवान्यावर किंवा ट्रॅपच्या (उडत्या तबकड्यांवरील नेमबाजीच्या) मैदानावर भेटते. तिथेही दचकण्याची सवय हाच खरा शत्रू : चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात, खांदा पुढे रेटला जातो. ती ओळखण्यासाठी सोबत्याने न सांगता कधी खरे, कधी डमी काडतूस भरावे. डमीवर नळी खाली झुकली, तर त्या दिवशी जड काडतुसे बाजूला ठेवून, कानांवर दुहेरी संरक्षण चढवून, अगदी कमी धक्क्याच्या .२२ रायफलीवर यावे.